भैयाजींच्या गळ्याची उलटी रेघ

सागवानाची फळी, रंधा, उठलेली कुसळं.

कन्हान नदीचा पूल आणि त्यावरून खाली फेकायची एक वस्तू.

देवापुढच्या वाती.

पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर मोहरीएवढा लाल ठिपका.

"काही नाही झालं वं." (झालं होतं.)

बालमित्रांनो, मी तुरटीचा एक जुना खडा आहे. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, दाढीच्या वाटीशेजारी माझी जागा आहे. दाढी झाली की ओल्या गालावरून मला फिरवतात. जिथे कातडी सोलली गेली असेल तिथे मी झोंबतो. जिथे दाढी नीट झाली असेल तिथे गप्प राहतो. गप्प राहायची संधी मला फारशी मिळालेली नाही. त्यामुळे पुरुषांबद्दल माझं मत काय असेल, ते तुम्हीच ताडा.

खरं तर आत्मवृत्तात इथे जन्मकथा यायला हवी. माझी मी शेवटी सांगेन. तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही.

माझे मालक भैयाजी. लकडगंजात त्यांचं लाकडाचं दुकान. आता ते थकले, दुकान मुलगा दुर्गेश पाहतो. फळीवरून नुसता अंगठा फिरवून लाकडाची रेघ कुठून कुठे जाते ते भैयाजी सांगत. एखाद्या सुताराने उलट्या रेघेवर रंधा मारला तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडत, "अबे, लाकूड हाये का दुश्मन हाये तुहा? रेघ पाह्य ना!"

हाच माणूस सकाळी दाढीला बसला की... सांगायलाही लाज वाटते. पाणी थंड. ब्रश तोंडावरून एकदा इकडे, एकदा तिकडे, की झाला फेस. मग ते पितळेचं जड रेझर मुठीत आवळायचं आणि कानाखालून गळ्याकडे खसकन ओढायचं, जणू चौकट तासायची आहे. रेझरला स्वतःचं वजन असतं. ते कशासाठी असतं? हात हलका ठेवावा आणि पातं आपल्या वजनाने उतरावं, म्हणून. पण पुरुषाला हलक्या हाताने काही करायला सांगणं म्हणजे म्हशीला रांगोळी काढायला सांगणं.

मग माझी पाळी. "आई गंऽऽ!" रोज. वर्षानुवर्षं. आणि दोष कोणाला? ब्लेडला. पाण्याला. मला. "लय झोंबते बुवा ही तुरटी." अहो भैयाजी, कापता तुम्ही. मी फक्त कुठे कापलं ते सांगतो.

स्तुती: एकदाही नाही.

उपेक्षा: काम झालं की साबणाच्या पाण्यात तसंच टाकून द्यायचं. मी विरघळतो, हे कळायला फार शिकावं लागतं का? कधीकाळी मी साबणाच्या वडीएवढा होतो. आता खारकेएवढा उरलो आहे.

मागच्या वर्षी भैयाजींच्या हृदयात स्टेंट बसला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आता नुसतं खरचटलं तरी रक्त थांबेना. एका सकाळी टॉवेल लाल झाला, तेव्हा दुर्गेशने बापासमोर बॅटरीवरची मशीन आणून ठेवली.

"बाबा, उद्यापासून हे."

भैयाजींनी ती गालावरून गुर्रकन फिरवली. "हे दाढी करून राहिलं का गवत कापून राहिलं गा? मले नाई चालत हे."

"मंग रक्त नाई निंगलं पाह्यजे. अजून एक बार निंगलं ना, तं तुमचं ते रेझर कन्हानच्या पुलावरून फेकून देतो. मले बाप पाह्यजे, रेझर नाई."

बोलणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यावर, बरं का मित्रांनो, लाल पुटकुळ्यांचं पीक उभं आहे. पाच पात्यांचं प्लास्टिक आणि डब्यातला फेस! निघाला बापाला शहाणपण शिकवायला.

आणि रेझर वाचवण्यासाठी बापाने काय केलं? दाढी करायला शिकला? छे. ओरडणं बंद केलं. दात आवळून मला फिरवायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाहेरून जिजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं की म्हणायचे, "काही नाही झालं वं." माझ्याशी खोटं बोलता येत नाही, म्हणून बायकोशी. पण कॉलरला कोणी पढवलं नव्हतं. जिजाबाईंनी तो ठिपका पाहिला, सदरा मुकाट्याने भिजत घातला आणि मुलाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर मात्र भैयाजी घाबरले. काही दिवस ब्लेडला हातच लावला नाही. गालावर पांढरे खुंट उभे राहिले. मग एका सकाळी उजेडासाठी दाढीचं सामान घेऊन गॅलरीत आले आणि नुसतेच बसून राहिले. शेजारी जिजाबाई कापूस घेऊन वाती वळत होत्या. खाली गल्लीत स्कूटरवाले एकमेकांच्या अंगावर हॉर्न वाजवत होते.

"करा ना सुरू. काहून बसले?"

"हात थरथरते वं."

"हात नाई थरथरत तुमचा, जीव थरथरते. कुठं कापलं होतं? पाहू."

त्यांनी हातातल्या कापसासकट गळा चाचपला. कापूस खुंटांत अडकला. खाली ओढला तर तंतू तुटून तिथेच राहिले. त्यांनी तो कानाकडे ओढला, अलगद सरकला. पुन्हा गळ्याकडे ओढला, अडकला.

"हे पाहा. कानाकडं सरकते, गळ्याकडं अडकते. तुमी कसं ओढता?"

भैयाजींनी हवेत हात फिरवून दाखवलं. कानाखालून गळ्याकडे. हात मध्येच थांबला. मग त्यांनी आपल्याच गळ्यावरून अंगठा फिरवला. सावकाश. फळीवरून फिरवायचे तसा.

"उलटी रेघ हाये वं."

"जिंदगीभर लोकायवर ओरडत राहिले, रेघ पाहा, रेघ पाहा. इथलीच नाई पाह्यली."

"बापानं अशीच शिकवली होती मले."

"त्यायचा गळा त्यायचा होता."

दाढीबद्दल इतकं अकलेचं वाक्य मी याआधी ऐकलेलं नाही, आणि ते जिला दाढीच नाही तिने म्हटलं.

त्या दिवशी पाणी गरम होतं. खुंट भिजले. ब्रश गोल गोल फिरला आणि फेस दह्यासारखा घट्ट आला. भैयाजींनी एका हाताने कातडी ताणली, दुसऱ्या हाताने रेझर दांड्याच्या टोकाशी, नुसत्या बोटांत धरलं. आखूड आखूड हात. रेघेबरोबर, गळ्याकडून कानाकडे. धुतलं, पुन्हा फेस लावला, या खेपेला रेघेला आडवं. उलटं अजिबात नाही. दुकानात निघालेला दुर्गेश दारातच उभा राहिला होता. रेझर कुठे जाणार ते आता ठरणार होतं, आणि ते ठरवणारा मी होतो.

मला उचललं. गाल, हनुवटी, कानाखाली, मग तो गळा. मी शोधलं. खरं सांगतो, दुष्टपणाने शोधलं. झोंबायला जागा सापडली नाही.

दुर्गेशने खिशातला पांढरा रुमाल बापाच्या गळ्यावर दाबून धरला. बराच वेळ. उचलला. पांढराच.

"रोज पाहीन मी," तो म्हणाला.

"पाह्य ना. कोण नाई म्हणून राहिलं तुले?"

रुमालाची घडी करता करता तो स्वतःचा गळा खाजवत होता. "आई," तो हळूच म्हणाला, "थोडासा कापूस दे ना मले."

मित्रांनो, तुम्ही ब्लेडला हात लावू नका. ते मोठ्यांनाच जमत नाही. मोठे व्हाल तेव्हा आधी आपली रेघ पाहा, बापाची नव्हे. आणि घरात माझ्यासारखा खडा असेल तर काम झाल्यावर धुऊन, पुसून, कोरड्या जागी ठेवा. इतकं तरी जमवा.

आता मला भैयाजींच्या गळ्यावर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ते रोज मला फिरवतात, आणि मग टॉवेलाच्या कोपऱ्याने पुसून खिडकीत ठेवतात. पुरुषांबद्दलच्या माझ्या मताला हे जरा अडचणीचं आहे.

राहिली जन्मकथा. मला इतवारीतल्या किराणा दुकानातून जिजाबाईंनी आणलं होतं. नळाला गढूळ पाणी येत होतं, ते निवळायला.