धाकटीच्या ओळीची जागा

मी माईक बोलतोय. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले, तेव्हा आता थोडं माझंही ऐका. आधीच सांगतो, मला माणसांच्या तोंडाची शिसारी आलीय. तोंडाच्या वासाचं म्हणत नाही. तो तर पोटापाण्याचा भाग झाला.

कारखान्यात एका बाईनं माझ्या डोक्यावर जाळी बसवली, धूळ जावी म्हणून फुंकर मारली आणि म्हणाली, "जा बाबा, चांगल्या गळ्याला लाग." तिचं म्हणणं निम्मं खरं झालं.

दुकानात जो येई तो डोक्यावर टिचक्या मारी आणि "हॅलो, हॅलो" करून निघून जाई. तुमच्या टाळक्यावर असं कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला सोडलं असतं का? मग दोन मुली आल्या. टिचकी नाही, हॅलो नाही, मला मधे धरून दोघी एकदम गायल्याच. जायचं तर यांच्याबरोबर, हे मी तेव्हाच ठरवलं.

लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या सोडा, चुलत बहिणीसुद्धा नव्हत्या. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी, एवढंच नातं. दोघींत मी एकटा, म्हणून गालाला गाल लावून गात. एका गाण्यानं त्यांचं नाव झालं. त्यात थोरली म्हणते, "चालले मी, चालले मी." मग वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत धाकटी वरच्या सुरात म्हणते, "थांब जरा, मीही येते." ही जागा गाण्यात दोनदा येते. तिथं भलेभले रुमाल शोधत.

पुढं थोरलीचा गळा बिघडला. ऑपरेशन झालं, आणि वरचे सूर आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कार्यक्रम तर आधीच ठरलेले. मग रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा आणि तिनं नुसते ओठ हलवायचे, असं सुरू झालं. माझ्यात फक्त तिचा श्वास यायचा. हे आम्हा चौघांनाच ठाऊक होतं: थोरली, धाकटी, साउंडवाले काका आणि मी.

एका मुलाखतीत धाकटी ते बोलून गेली. गोड बोलून कुणी काढून घेतलं की तिच्याच जिभेला हाड नव्हतं, देव जाणे. केलं ते वाईटच. थोरलीचं जगभर हसं झालं. तिनं सरळ कानांवर हात ठेवले. "खोटारडी आहे ती," म्हणाली. लोकांनी थोरलीवर विश्वास ठेवला आणि धाकटीला घराबाहेर पडणं मुश्कील झालं.

इथंच थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. थोरली बरी होऊन पुन्हा खालच्या सुरात गाऊ लागली, पण धाकटीच्या ओळीची जागा आली की पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडापुढं मला धरू लागली. त्यानं धाकटीला एक शिवी हासडायची आणि मग सगळ्या सभागृहानं ओरडायचं, "थू!"

काय काय ऐकलं मी! एक चांगल्या घरची, पदवीधर दिसणारी मुलगी म्हणाली, "तिच्या नरड्यात किडे पडोत." एका गृहस्थानं धाकटीच्या आईचा उद्धार केला. त्याची थुंकी माझ्या जाळीवर उडाली आणि तो घरी जाऊन लेकराचा पापा घेणार होता! लोक पोट धरधरून हसत. थोरलीही हसे. माईकला ओकता येत नाही, एवढंच काय ते तुमचं नशीब.

गेल्या कार्यक्रमाला तर कहर होता. तो घरोघरी थेट दिसणार होता. धाकटीनं फोनवर रडत रडत निरोप ठेवला होता. "चुकले गं. एकदा बोल ना माझ्याशी." गाण्यातल्या दुसऱ्या मोकळ्या जागी तो सगळ्यांना ऐकवायचा, असा थोरलीचा बेत होता. "मी माईक डोक्यावर उचलला की लावा," तिनं काकांना बजावलं. काका म्हणाले, "पोरी, हे फार होतंय." ती म्हणाली, "काका, तुम्ही बटणं सांभाळा."

गाणं सुरू झालं. पहिली जागा आली आणि थोरलीनं मला एका बाईपुढं धरलं. पन्नाशीची, जाड चष्म्याची, गळ्यात गाडी शिकवणाऱ्या शाळेचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. तिनं मला टिचकी मारली. म्हटलं, झालं, आली अजून एक.

"अगं, मी लोकांना गाडी चालवायला शिकवते," ती म्हणाली. "स्टिअरिंग धरून थरथरणाऱ्या माणसाला मी तुमचं हे गाणं लावून द्यायची. हात स्थिर व्हायचे बघ. आता लावत नाही. ही जागा आली की मला शिव्याच ऐकू येतात."

"मुद्द्यावर या, ताई," थोरली हसत म्हणाली.

"मुद्दा हाच. तिनं तुझा विश्वासघात केला. मलाही तिचा इतका राग आला होता की जेवण गोड लागेना. पण तू रोज लोकांना तिच्यावर थुंकायला लावतेस आणि थुंकी तुझ्याच गाण्यावर पडतेय. माफ कर तिला. तिच्यासाठी जमत नसेल तर गाण्यासाठी कर."

"खाली बस!" मागून आरोळी आली. "म्हातारे, पैसे खाल्लेस का तिचे?"

बाई बसली नाही. डोळे मिटून तिनं धाकटीची ओळ म्हटली. "थांब जरा, मीही येते." बेसूर म्हणजे किती बेसूर! पण कितीतरी दिवसांनी माझ्यातून काहीतरी स्वच्छ गेलं.

थोरलीनं मला झटक्यात मागं ओढलं. दुसरं कडवं सुरू झालं. "चालले मी, चालले मी." वाद्यं थांबली. काकांचं बोट बटणावर. तिनं मला उचललंच नाही. ओठांशी धरून नुसती उभी राहिली.

तेवढ्यात, कुणी न सांगता, सगळं सभागृह ओरडलं, "थू!"

तिनंच लावलेलं वळण ते. आज ते थेट तिच्या तोंडावर आलं. मी तिला दचकताना पाहिलं. मग तिनं श्वास घेतला, आणि मला कळलं ती काय करणार आहे. वेडे, नको, तुला तो सूर लागत नाही!

तिनं धाकटीची ओळ घेतली, त्याच वरच्या सुरात. "थांब जरा..." आणि आवाज फाटला. सगळ्यांदेखत चिरफळ्या झाल्या त्याच्या. धाकटी खरं बोलली होती, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. थोरलीनं ओळ अर्धी सोडली नाही. फाटक्या आवाजात पुरी केली.

आता तीच माणसं थोरलीला थू म्हणतात. शिव्या त्याच आहेत, नाव तेवढं बदललंय. यांना माणूस कुठलाही चालतो, थुंकायला मिळाल्याशी कारण. मला यांची किळस येते, आणि ती जाईल असं वाटत नाही.

त्याच कार्यक्रमानंतर थोरलीनं फोन लावला. मी तिच्या मांडीवर पडून होतो.

"ऐकलंस?"

"ऐकलं," पलीकडून धाकटी म्हणाली. "केवढी बेसूर गायलीस गं."

"मग ये ना. तुझी ओळ तू गा."

मग दोघी नुसत्या हुंदके देत राहिल्या.

आज काका माझी जाळी काढून साबणाच्या पाण्यात घासताहेत. लिपस्टिक निघतेय, वाळलेली थुंकी निघतेय, पाणी बदललं तरी गढूळच होतंय. उद्या धाकटी येणार आहे. दोघींत पुन्हा मी एकटा. गालाला गाल लावतील की नाही, कुणास ठाऊक.

तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. कधी माझ्यापुढं आलात, तर सूर नसला तरी चालेल, टिचकीही मारा हवी तर. फक्त तोंड धुऊन या.