मुरिअलच्या वजनाची गाडी

“यंदा मी आत बसायचा नाही,” हेडली म्हणाला आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्यांकडे त्याने बोट दाखवलं. “सीटवर साडेनऊ स्टोन, साठ किलो, भर. माझ्या बायकोचं वजन आहे तेवढं. मुरिअलला सांगितलंस की मी आकडा फोडला, तर जीव घेईन तुझा.”

आर्नल्ड चहाचा मग धरून बघतच राहिला. यॉर्कशरच्या त्या डोंगराळ गावात तो चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता आणि त्याची एक रीत ठरलेली होती. गाडीच्या पुढच्या बाजूची उंची लावायची, ती मालकाला चालकाच्या जागी बसवूनच. हेडलीच्या या जुन्या मॉरिस गाडीला पुढे स्प्रिंगा नव्हत्या. दोन पोलादी दांड्या पीळ खाऊन भार पेलायच्या. रिकाम्या गाडीवर माप घेतलं, की माणूस बसताच उजवी बाजू झुकायची. त्यात हेडली म्हणजे सोळा स्टोनचा, शंभर किलोचा ऐवज!

“मुरिअल कधीपासून चालवायला लागली?”

“लागेल. गुरुवारची बस सोडली तर आमच्या वाडीत येतं कोण? माझे डोळे गेलेत आता.”

“डोळे गेलेत म्हणे! माझ्या चहातली माशी आत्ता कुणी दाखवली?”

“तू आपलं काम कर, म्हाताऱ्या.”

आर्नल्डने सीटवर पिशव्या रचल्या, गाडी जॅकवर घेतली आणि खाली आडवा झाला. उजव्या दांडीच्या टोकाचा बोल्ट काढून त्याने हलक्या वजनासाठी ती एक भोक सैल केली. मग गाडी उतरवून मागेपुढे ढकलली, म्हणजे चाकं नीट बसतात. एरवी हेडली ती एका हाताने लोटायचा. आज त्याने नुसताच हात टेकवला. मे महिना असूनही अंगातला जाड कोट त्याने काढला नव्हता. आर्नल्डने टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

पिशव्या काढल्या, हेडली घरी जायला आत बसला. आर्नल्ड सवयीने पुन्हा वाकला. आता उजवी बाजू दबायलाच हवी होती. पण ती तसूभरही खाली गेली नव्हती. त्याने टेप पुन्हा लावली. माप तेच, पिशव्या असतानाचं.

वर्षभरात या माणसाचं चाळीस किलो वजन गेलं होतं, आणि शहाणा डोळ्यांचं निमित्त सांगत होता.

“दबली ना रे माझ्या बाजूला?” हेडलीने खिडकीतून विचारलं. विचारताना तो आर्नल्डकडे बघत नव्हता.

“दबली तर! चांगली अर्धा इंच. तुझ्या बुडाखाली कुठली दांडी टिकणार, लेका? मुरिअल बसली की होईल सरळ.”

“सकाळी दोन सॉसेज जास्तच झाली,” हेडली खुशीत म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

आर्नल्ड टेप हातात घेऊन दारात उभा राहिला. उतारावरून गाडी हळूहळू खाली गेली. पार वळणापर्यंत ती कुठेही न झुकता, अगदी सरळ गेली.