देवघरातला पिवळा बल्ब

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एखादी गोष्ट पटली की ती घरातल्या सगळ्यांना पटेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना एलईडी बल्ब पटले. मग तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या आमच्या घरात रोज बल्बांची परीक्षा. जुना पिवळा बल्ब लावायचा, खाली बसून तमिळ पेपर वाचायचा. तो काढून एलईडी लावायचा आणि तोच पेपर पुन्हा वाचायचा. बल्बाजवळ तळहात धरून ऊब बघायची.

"शरण्या, हें बघ, चटकाच नाहीं! जुना बल्ब म्हणजे चूल. ताप फार, उजेड थोडका."

मी मान डोलवायची. सुनेचं आणखी काय चालणार! शेवटी घरभर पांढरा झगझगीत उजेड झाला. देवघरातला बल्ब मात्र सासूबाईंनी बदलू दिला नाही.

"विठ्ठलास तोच बरा," एवढंच त्या म्हणाल्या.

सासूबाई, वसंताबाई, रेशमी साड्यांच्या पदरांना गोंडे बांधतात. दारासुरमचे विणकर गुरुमूर्ति दिवसाचा माग बंद झाल्यावर संध्याकाळी साडी आणून देतात आणि पहाटेच घेऊन जातात. साडीच्या रंगाला जुळणारी रेशमाची लड निवडण्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नाही. त्यामुळे गुरुमूर्तींनी एका दुपारी अरक्कू, म्हणजे लाखेसारख्या गडद तांबड्या रंगाची साडी परत आणली, तेव्हा मी चाट पडले. गोंडे चक्क तपकिरी होते. काही दिवसांनी आणखी एक साडी तशीच परत आली. गुरुमूर्ति भला माणूस, अवाक्षर बोलले नाहीत. सासूबाईंना तेच जास्त लागलं.

"अम्मा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हटलं.

"नको गे. आमच्या अम्मेसही पहिल्यानें संध्याकाळचंच दिसेनासं झालं. मग सगळंच गेलं. आतां माझी पाळी." मग हळूच म्हणाल्या, "मामंजींस सांगूं नको."

दुसऱ्या दिवशी मामंजी बाहेर गेले होते. मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर सासूबाई डोळे घट्ट मिटून माजघरात चालत होत्या. एक हात पुढे. ओठ हलत होते. मला वाटलं, नाम घेताहेत. जवळ गेले तर ऐकू आलं, "इथें खांब... इथें पाट... आतां उंबरा..." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

आमच्याकडे गोंडे बांधून झाले की साडी आधी विठ्ठलापुढे ठेवतात, मगच परत देतात. त्या रात्री सासूबाईंनी साडी ठेवली आणि नेहमीसारखे डोळे मिटून हात जोडले. माझं देवापेक्षा साडीकडेच लक्ष. साडी तांबडी, गोंडे तपकिरी! मी साडी उचलून तडक माजघरात नेली. दोन्ही एका रंगाचे. परत देवघरात आणली. पुन्हा वेगळे.

"अम्मा, डोळे उघडा! देवापुढे तरी उघडा!"

त्यांनी पाहिलं. माजघरात जाऊन पाहिलं, परत येऊन पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून खालीच बसल्या.

"म्हणजे माझे डोळे बरे आहेत गे?"

"बरे आहेत. तो मेला पांढरा उजेडच तांबडा रंग खातो."

मामंजी दारात उभे होते. त्यांनी बल्बाचं खोकं शोधलं, चष्मा लावून वाचलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "रंग किती खरे दिसतात, त्याचा आंकडा असतो वाटतं ह्यावर. तो म्यां बघितलाच नाहीं."

दुसऱ्या दिवशी दोन लडी खिशात घालून ते दुकानात गेले आणि दुकानदार वैतागेपर्यंत एकेका एलईडीखाली धरून बघत बसले. ज्याच्याखाली तांबडी तांबडी दिसली आणि तपकिरी तपकिरी, तोच बल्ब घेऊन दिवेलागणीनंतर घरी आले. लगेच लावायचाच, हा हट्ट. मी ओसरीवर जाऊन मेन बंद केला. मामंजींनी माजघरात मोबाईलच्या उजेडात स्टुलावर चढून बल्ब बसवला, आणि उतरताना मोबाईल हातातून सुटला. ठार अंधार. पाटाला पाय अडखळल्याचा आवाज आला.

"अगे, मजला कांहीं दिसेना!"

"हात द्या," सासूबाई म्हणाल्या. "हा खांब. ह्या बाजूस पाट. आतां उंबरा, पाय उचला."

"इतक्या अंधारांत तुला कसं दिसतं?"

"दिसत नाहीं. पाठ केलं. डोळे गेलेच, तर उठतां बसतां तुम्हांस हाक मारायला नको म्हणून."

माझा हात मेनच्या बटणावर होता.

"शरण्या," आतून मामंजींचा आवाज आला, "मेन आत्तां लावूं नको." मग सासूबाईंना म्हणाले, "पहिल्यापासून पुन्हा ने. मजलाही पाठ होऊं दे."