दहाचं ऊन

संयोगिताच्या दुखण्याला औंधात ज्यानं त्यानं आपापलं नाव ठेवलं होतं. कुणी म्हणे बाळंतवात, कुणी म्हणे नजर लागली, आणि थोरले चुलत सासरे ज्ञानूआण्णा तर सरळ म्हणाले, "आळस हाय, दुसरं काय न्हाई." जमिनीवरून उठायचं तर तिला भिंत धरावी लागे. धाकटी सृष्टी "आई, घे" म्हणून हात वर करी, आणि पोटच्या पोरीला उचलायचं बळ आईच्या अंगात नव्हतं! नवरा जयराज फौजेत. फोनवर त्याला "बरी हाय" सांगायची आणि फोन ठेवला की रडायची.

शेवटी सासूनंच, शालूबाईनं, तिला एस्टीत घातलं आणि सांगलीला विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त तपासलं. बाई म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. हाडं त्यानंच दुखतात. हिला ऊन मिळत नाही."

शालूबाईला हसूच फुटलं. "आवं बाई, जतची पोरगी हाय ती. तिच्या म्हायेरी पाण्याचा टँकर येतूया, उन्हाचा न्हाई!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "शेतात जाताना काय घालते?"

काय घालणार? उसाची पात अंग कापते, म्हणून जयराजचा लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि तोंडाला टॉवेल. घरी आली की डोईवर पदर, तो गळ्यापर्यंत. आता बोला! आभाळभर ऊन, आणि हिच्या कातडीला त्याचा पत्ता नाही. बाईंनी दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, "रोज दहाच्या सुमाराला थोडा वेळ उन्हात बसू दे. डोकं, हात, पाय उघडे ठेवून."

डोकं उघडं! परतीच्या एस्टीत संयोगिता सासूकडं चोरून बघत होती. सुनेचा पदर जरा मागं सरकला तरी डोळे वटारणारी बाई ती. सासरे वारल्यापासून घरात आण्णांचा शब्द शेवटचा, आणि आण्णा चहाला नेमके दहालाच यायचे. संयोगितानं मनातल्या मनात उन्हावर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी शालूबाईनं स्वतः अंगणात पोतं अंथरलं. "बस. पदर काढ. भाकरी मी थापती."

"आवं आत्या, आण्णा येत्याल…"

"येऊ देत. तू बस."

आण्णा आले. सुनेचं उघडं डोकं बघून जागीच थबकले आणि खाकरले. संयोगिता धडपडून उठायला गेली आणि गुडघ्यातलं बळच गेलं. एका हातात पदर, दुसरा हात मातीत, अशी ती कोसळली. सृष्टीनं भोकाड पसरलं.

"शालू," आण्णा भिंतीकडं बघत गरजले, "आपल्या घराण्यात ह्यो तमाशा न्हाई चालायचा. उद्यापासनं बंद!"

शालूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. काखेत हात घालून तिनं सुनेला उठवून बसवलं. मग आण्णांच्या देखत तिनं स्वतःच्या डोईवरचा पदर खाली घेतला आणि सुनेला खेटून पोत्यावर बसली. तिचे पांढरे, विरळ केस उन्हात उघडे पडले. इतक्या वर्षांत संयोगितानं ते कधी नीट पाहिलेसुद्धा नव्हते.

"आण्णा, तुमचा मान हायच. त्यो काय पदरासंगं पडत न्हाई," शालूबाई म्हणाली. "पर पोरगी पडली, तर तुमी हात दिला न्हाईसा. दहाला मागल्या दारानं येत जावा."

आण्णा आल्या पावली परतले. संयोगिता सासूच्या कुशीत शिरून हमसून रडली. "आत्या, माझ्या आईनंबी माझ्यासाठी एवढं केलं नसतं वं!"

"गप. ऊन खा आधी," शालूबाई डोळे पुसत म्हणाली.

पुढं कितीतरी दिवस आण्णा फिरकले नाहीत. इकडं पुड्या आणि ऊन अंगी लागत गेलं. आधी भिंत सुटली, मग गुडघ्यांची कळ गेली, आणि एका सकाळी सृष्टीनं हात वर केले तसं संयोगितानं तिला उचलून कडेवर घेतलं. शालूबाईनं लगबगीनं देव्हाऱ्यातल्या यमाईपुढं साखर ठेवली.

त्यानंतर आठवडाभरात आण्णा आले. मान खाली, आणि मागं भिंत धरत धरत येणारी त्यांची म्हातारी बायको मंगल. "शालू, हिलाबी उठाया येत न्हाई. डाक्टरनं तेच सांगितलंया. बसू दे हिला तुमच्यात," एवढं बोलून ते घराला वळसा घालून मागल्या दाराकडं गेले.

संयोगिता झटक्यात उठली, कुणाचा हात न धरता. मंगलला आधार देऊन तिनं पोत्यावर बसवलं. म्हातारीनं पदर दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. बऱ्याच वेळानं तिनं मुठी सोडल्या, डोकं चाचपलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"शालू, लगीन होऊन आल्यापासनं आज पयल्यांदा डोक्याला ऊन लागलं गं."

शालूबाईनं तिला आणखी थोडी जागा करून दिली.