नेमीचंदशेठचा ओटा

वरणगावच्या बाजूला आमचं गाव. चैत्रात देवाचा रथ निघायचा, दोन पुरुष उंच, लाकडी चाकांचा. रथ लोक दोरानं ओढत, पण वळवायचा आणि थांबवायचा मोगरीनं. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. ती चाकापुढे नेमक्या जागी टाकावी लागते. लोटन आबा तीस वर्षं पुढच्या चाकाची, मानाची मोगरी सांभाळत होते.

रथाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोगरीवाले चाकोरीवरून पायी चालत. ज्याचं जिथे चुकलं, तिथे त्यानं थांबून सांगायचं. त्याशिवाय चहा नाही.

१९५४ साली नेमीचंदशेठच्या दुकानापुढच्या उतारावर चाक घसरलं आणि ओट्याचा कोपरा उडाला. तिथे मोगरी तोतारामची होती. आबांची नजर मंदावली होती. पुढची मोगरी आता तोतारामकडे जाणार, असं गाव म्हणत होतं.

सकाळी सगळे तिथे पोचले, तर शेठ दारातच उभे. "या, या! उरलेला ओटाही घेऊन जा."

सगळे हसले. तोताराम मात्र हसला नाही. खरं सांगितलं तर मोगरी हातची जाणार. "लोकांनी दोर जास्ती ओढला," तो पुटपुटला.

आबा खाली बसले आणि चाकोरीतली धूळ हातानं चाचपू लागले.

"माझंबी इथंच चुकलं व्हतं, पहिल्या वर्षी. मी कोणाले सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी भाईदासनं तीच चूक केली."

आबांचा भाऊ भाईदास जन्मभर लंगडत चालला. का, ते त्या सकाळी सगळ्यांना कळलं.

तोतारामनं डोक्यावरची टोपी काढली. "आबा, मी वर पाहू राह्यलो व्हतो. माडीवर सासरे बसले व्हते. मोगरी हातभर उशिरा पडली."

"पुढल्या साली सासऱ्याले खाली बसवा!" कोणीतरी ओरडलं.

आबाही हसले. मग त्यांनी धुळीत हातभर अलीकडे रेघ ओढली. "मोगरी इथं. या, बठ्ठ्यांनी पाय ठेवून पाहा."

एकेकानं पाय ठेवला.

"आणि पुढची मोगरी?" शेठनं विचारलं.

"तोतारामची. ही जागा तो आता इसरणार नाही."

पुढच्या चैत्रात रथ उताराला लागला. बाकीचे सगळे मोगरीवाले एकदमच ओरडले, "हातभर आधी!" तोतारामनं मोगरी टाकली. चाक करकरलं, वळलं आणि रस्त्याला लागलं.

नेमीचंदशेठ नव्या ओट्यावर पाय खाली सोडून बसले होते. त्यांनी पाय वर घेतले नाहीत.