शिकंज्याचा जळफळाट

मित्रांनो, पुस्तके दाबून धरणारा लोखंडी शिकंजा तुम्ही कधी पाहिला आहे का? खाली एक जाड पाट, वर दुसरा, मध्ये भलामोठा स्क्रू आणि माथ्यावर फिरवायचा दांडा. तो मी. आता म्हातारा झालो आहे आणि स्वभावाने जरा जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ओतकामाच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथून मी एका बाइंडरच्या खोलीत आलो. छापलेल्या कागदांच्या घड्या त्याची बायको खिडकीशी बसून शिवायची. तो त्यांच्या पाठीला खळ लावून पुस्तक माझ्यात ठेवायचा आणि दांडा थोडा थोडा आवळायचा. "हा आहे म्हणून पुस्तक सरळ राहतं," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा माझी छाती फुगायची. पण दांडा फिरवताना त्याची नजर मात्र खिडकीकडे असायची. मला तिचा हेवा वाटे. हात माझ्यावर आणि डोळे तिच्यावर, हा कुठला न्याय!

ती आजारी पडली आणि दीड महिन्यात गेली. मग तो खिडकीकडे बघेनासा झाला आणि माझ्याकडेही. शिवायला कोणी नव्हते, म्हणजे मलाही काम नव्हते. अंगावर धूळ साचली, स्क्रूच्या आट्यांत गंज चढला. आपण तिचा हेवा केला याची मला लाज वाटू लागली. एकच इच्छा उरली होती, त्याचा हात पुन्हा दांड्यावर पडावा.

हात पडला, पण दुसऱ्याच वस्तूवर. त्याच्या मुलीने त्याला मोबाईल आणून दिला. "बाबा, दिवसभर भिंतीकडे काय बघता? यात माणसं आहेत. आवडतील त्यांना फॉलो करा."

"माझ्या ओळखीचं कोण असणार त्यात?"

"ओळख नसली तरी चालते. तीच तर मजा आहे."

झाले! तळहाताएवढी ती चपटी वस्तू, ना वजन ना ताकद, पण सकाळचा चहाही तिच्यासोबत. माझा नुसता तिळपापड होत होता.

मोबाईल ज्याचे नाव पुढे करी, त्याला तो फॉलो करी. नट, खेळाडू, भविष्य सांगणारे, दिवसातून दहा वेळा आपले ताट दाखवणारी एक बाई आणि टाइल्सचे एक दुकानसुद्धा. आठवडाभरात तो कंटाळला. "तुझी ही माणसं फार बोलतात गं," असे मुलीला म्हणाला. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

"मग काढून टाका ना त्यांना."

"असं कसं? हातात आलेलं पान बाइंडरने गाळायचं नसतं. चांगलं असो, वाईट असो."

मुलीने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, हे गिऱ्हाइकाचं पुस्तक आहे का? हे तुमचं आहे. नको ती पानं खुशाल गाळा! आणि सगळ्या जगाला शोधू नका. तुम्हाला जे येतं, तेवढंच लिहून बघा."

त्याने 'पुस्तकबांधणी' असे लिहिले. दूरच्या गावची एक तरुण बाइंडर सापडली. ती व्हिडिओत तोंड दाखवत नसे, फक्त शिवणारे हात दाखवी. ती कुणाकुणाला फॉलो करते ते पाहिल्यावर एक कागद बनवणारा आणि वाळवी लागलेली पुस्तके दुरुस्त करणारी एक ग्रंथपालही मिळाली. बाकीच्यांना त्याने एकेक करून गाळले. टाइल्सच्या दुकानाला सगळ्यांत शेवटी, हात जोडून.

आता तो रोज त्या तरुण बाइंडरचे काम बघू लागला. तिचा शिकंजा नवाकोरा होता. हिरवा रंग, पितळी मूठ. मेल्याच्या अंगावर धुळीचा कण नाही! मी जळून कोळसा व्हायचा बाकी होतो.

एक दिवस तो मोबाईलवर ओरडलाच, "अगं थांब, थांब! खळ ओली आहे!" तिने स्क्रू एका दमात आवळला होता आणि पुस्तकाची पाठ वाकडी झाली होती. त्याने एका बोटाने अर्धा तास खपून लिहिले, "ताई, एकदम आवळू नका. आधी जरासं, मग तासाभराने आणखी थोडं. आमच्याकडे बायको शिवायची, मी आवळायचो."

थोड्या वेळाने उत्तर आले. "काका, करून दाखवाल का?"

तो उठला आणि माझ्याकडे आला. फडक्याने मला पुसले, आट्यांत तेल सोडले. दांडा हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे मी करकरत फिरलो. कपाटातून त्याने एक गठ्ठा काढला. बायकोने शेवटी शिवलेल्या घड्या होत्या त्या, खळ न लावलेल्या. त्याने टाक्यांवरून बोट फिरवले. डोळे पुसले आणि खळ लावून तो गठ्ठा माझ्यात ठेवला.

समोर खळीच्या डब्याला टेकून मोबाईल उभा होता. माझे काम मला माझ्याच वैऱ्यामुळे परत मिळाले होते. दांडा आवळताना तो त्या मेल्याशीच बोलत होता, "हे बघा ताई, इतकंच, आता थांबायचं." मी जळलो. पण त्याच्या बायकोची शिवण मी जराही हलू दिली नाही.

मित्रांनो, मोबाईलवर चांगली माणसे जरूर शोधा. आवडत नाहीत ती बिनधास्त सोडा. पण कुणाचे हात बघून तुमचे हात शिवशिवले, तर मोबाईल खाली ठेवा आणि उठा. तुमच्याही घरात कुणीतरी गंजत पडले असेल. त्याला पुसा, थोडे तेल द्या. ते माझ्यासारखे बोलून दाखवणार नाही, पण आतून जळत नक्की असेल.