छातीवरच्या रेघा

आमच्या करावे गावात इस्पितळातून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी मी औषधं घेऊन मागून येईपर्यंत आईने बाबांना दारातच बसवलं, गरम पाणी ओतलं आणि काथ्याने छाती घासून काढली. सगळं साफ!

"आये, काय केलंस हे!" मी किंचाळलेच.

"मंग? कोनी शाई फासली यांच्या अंगाला?"

कोणी म्हणजे? मी! चौऱ्याऐंशी साल होतं. मी कोळ्याची पोर, मुंबईच्या इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन. बाबांच्या अन्ननलिकेत कॅन्सर निघालेला, पेजसुद्धा धड उतरेना. पांढरं औषध पाजून पडद्यावर पाहिलं, तर ते एका जागी सुतासारखं बारीक होऊन खाली जात होतं. डॉक्टरांनी एक्स-रेच्या फोटोवरून मापं काढली आणि छातीवर रेघा मला मारायला लावल्या. रोजचा किरणांचा शेक त्या रेघांवरच द्यायचा. रेघ चुकली की शेक भलतीकडे, आजार आहे तिथेच!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो, पुन्हा रेघा. डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली. घरी येऊन आईला सगळं समजावलं, तेव्हा तिने तोंडाला पदर लावला.

बरेच दिवस शेक झाला आणि नारळी पुनव आली. गावाचा नारळ दरसाल बाबाच छातीभर पाण्यात उतरून खाडीला देत. गावातले धर्माकाका बाबांना म्हणाले, "बाळाराम, एका बुडीनं काय होतंय? तुझा मान हाय."

मानापुढे बाबा माझं ऐकतायत थोडेच!

बाबांनी सदऱ्याची बटणं सोडली. मी धावले. पण ते गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"या रेघा माझ्या शांतीनं मारल्यात. आतलं बघून! ह्या मी भिजवनार नाय. धर्मा, नारळ तू सोड."

माझे डोळे भरूनच आले. सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलं त्यांनी! धर्माकाका पाण्याकडे निघाले, तशी आई लुगडं खोचून बाबांच्या पुढ्यात आडवी उभी राहिली.

"ए धर्मा, हळू उतर! एक थेंब उडाला ना यांच्या अंगावर, तर बघ!"

सगळा किनारा हसला.

घरी तिने नारळीभात दुधात कुस्करून दिला. बाबांनी घास घेतला, डोळे मिटले, गिळला.

"उतरला," ते म्हणाले.

आईने डोळे पुसले आणि ती खेकसली, "बोलू नका. अंगावर सांडंल."